पोटाचे चार भाग

गुढीपाडव्याच्या सकाळी आपण कडुनिंबाची कोवळी पाने तोंडात टाकतो, दुपारी श्रीखंडावर ताव मारतो आणि मग घटकाभर आडवे होतो. यांतील पहिली गोष्ट वाग्भटास पसंत पडली असती. उरलेल्या दोन मात्र नव्हे.

सातव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात दुसरा अध्याय दिनचर्येचा आणि तिसरा ऋतुचर्येचा आहे. थंडीत साठलेला कफ वसंतातील उन्हाने पातळ होतो व जठराग्नी मंद करतो, अशी ग्रंथकाराची उपपत्ती आहे. म्हणून या ऋतूत जुने जव-गहू, मध असा हलका आहार घ्यावा. जड, थंड, आंबट, गोड पदार्थ व दिवसाची झोप टाळावी. दही तर वसंतात वर्ज्यच!

मग आमचे पूर्वज शास्त्र मोडीत होते काय? या प्रश्नाचे उत्तर देवगिरीस सापडते. तेराव्या शतकात यादवांचा मंत्री असलेल्या हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने, ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतांचा मोठा संग्रह केला, आणि त्याच हेमाद्रीने ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही लिहिली. सण आणि पथ्य एकाच विद्वानाच्या लेखणीखाली सुखाने नांदले. सणाने वर्षातील एक दिवस मागितला, पथ्याने उरलेले. गोंधळ होतो तो रोजच सण करू लागल्यावर.

आज मिरची, बटाटा, टोमॅटो यांविषयी ‘आयुर्वेदात असे सांगितले आहे’ म्हणून कोणी बजावू लागला, तर आपण थोडे थांबावे. ही सारी मंडळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आल्यानंतर ती आपल्या स्वयंपाकघरात शिरली. हेमाद्रीच्या ताटात तिखटपणा होता तो मिरे, पिंपळी, आल्याचा. जुन्या ग्रंथात नव्या पदार्थाचे नाव शोधणे व्यर्थ आहे. तेथून घ्यावयाची ती विचार करण्याची रीत.

ती रीत मात्रेची आहे. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने व एक पेयाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे वाग्भट सांगतो. व्यायामही अर्ध्या शक्तीनेच करावा, असे त्याचे म्हणणे. चरकाने विमानस्थानात आहाराचा विचार आठ अंगांनी केला आहे. पदार्थाचा स्वभाव, त्यावरील संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काळ, जेवण्याचे नियम आणि शेवटी स्वतः जेवणारा. ताटातील पदार्थ तोच राहिला, तरी जेवणारा बदलला की निर्णय बदलतो.

मात्र हा जेवणारा कोण, हे आम्ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विचारलेच पाहिजे. वाग्भटाच्या वसंतात मित्रांसह उपवनात आम्ररस मिसळलेली मद्ये घेत दुपार घालवणारा सुखवस्तू गृहस्थ दिसतो. नांगरामागे चालणाऱ्यास अशी दुपार कोठून मिळणार? अन्न गरम असावे, आधीचे पचल्यावर खावे, घाई न करता मन लावून जेवावे, हा चरकाचा उपदेश सुंदर आहे. पण आमच्या घरोघरी तो पाळला गेला तो पंक्तीला बसणाऱ्यांपुरता. पंक्ती उठल्यावर चुलीपाशी उरलेसुरले, निवलेले अन्न घाईघाईने पोटात ढकलणाऱ्या आजी-आईच्या वाट्यास ‘जेवणारा’ हे आठवे अंग कधी आलेच नाही. शास्त्र तिला ठाऊक होते. ओवा, सुंठ, हिंग यांची योजना तीच करीत होती. फळ मात्र इतरांनी खाल्ले.

म्हणून श्रोतेहो, दिनचर्येचे पुनरुज्जीवन करावयाचे तर पहाटे उठण्याच्या संकल्पाआधी एक साधी गोष्ट करू या. आज व्याख्यान संपवून घरी गेल्यावर, जिने स्वयंपाक केला तिलाही आपल्याबरोबर गरम अन्नावर बसवू या. पोटाचा चौथा भाग त्यानंतर रिकामा ठेवता येईल.