अमेरिका : सागरी विस्तारापासून महासत्तेपर्यंत

परकीय राजसत्तेविरुद्ध बंड करून १७७६ मध्ये जन्माला आलेल्या अमेरिकेने १८९८ मध्ये स्वतःच समुद्रापलीकडील वसाहती ताब्यात घेतल्या. त्यानंतरच्या अर्धशतकात हे राष्ट्र जगातील सर्वांत प्रबळ सत्ता बनले. या काळात सत्तेची साधने बदलत गेली. प्रारंभी भूप्रदेश, नंतर कर्ज व व्यापार आणि अखेरीस लष्करी तळ व आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या आधारे अमेरिकेचा प्रभाव वाढला. मात्र जिंकलेल्या प्रदेशांतील जनतेला अमेरिकी राज्यघटनेचे हक्क मिळणार की नाही, हा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

पार्श्वभूमी

युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत नव्या वसाहती स्थापू नयेत, असे अध्यक्ष जेम्स मन्रो यांनी १८२३ मध्ये जाहीर केले होते. तो इशारा अंमलात आणण्याइतके आरमार त्या वेळी अमेरिकेपाशी नव्हते. १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेण्यात आले. पश्चिमेकडे वस्तीची सलग सीमारेषा आता उरलेली नाही, असा निष्कर्ष १८९० च्या जनगणनेतून निघाला. त्याच वर्षी नौदल अधिकारी आल्फ्रेड महान यांचा सागरी सत्तेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. समर्थ आरमार, कोळसा भरण्यासाठी दूरवरची ठाणी आणि सुरक्षित व्यापारमार्ग यांवर राष्ट्राचे सामर्थ्य अवलंबून असते, हे त्यांचे प्रतिपादन राज्यकर्त्यांना पटले.

हवाई बेटांवर साखरेच्या धंद्यात अमेरिकी भांडवल मोठ्या प्रमाणावर गुंतले होते. तेथील राणी लिलिउओकलानी यांना १८९३ मध्ये पदच्युत करण्यात आले. त्या वेळी अमेरिकी युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूत उतरले होते. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी विलीनीकरणास नकार दिला. तथापि १८९८ मध्ये अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्या कारकिर्दीत ही बेटे अमेरिकेस जोडण्यात आली.

१८९८ चे युद्ध

क्यूबात स्पेनच्या राजवटीविरुद्ध उठाव सुरू असताना १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात ‘मेन’ या अमेरिकी युद्धनौकेवर स्फोट होऊन २६० हून अधिक नौसैनिक मृत्युमुखी पडले. वृत्तपत्रांनी स्पेनला दोषी ठरविले. हा स्फोट जहाजातच, बहुधा कोळशाच्या कोठारातील आगीमुळे झाला असावा, असा निष्कर्ष अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी १९७६ मध्ये काढला.

एप्रिलमध्ये युद्ध पुकारले गेले. १ मे रोजी जॉर्ज ड्यूई यांच्या आरमाराने मनिलाच्या उपसागरात स्पेनच्या नौकांचा धुव्वा उडविला. १० डिसेंबर रोजी झालेल्या पॅरिस तहान्वये प्वेर्तो रिको व ग्वाम अमेरिकेकडे आले. फिलिपिन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर देण्यात आले. क्यूबा नावापुरता स्वतंत्र झाला. परंतु १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने तेथे हस्तक्षेपाचा अधिकार अमेरिकेने राखून ठेवला आणि १९०३ मध्ये ग्वांतानामो येथे नौदलाचा तळ मिळविला.

फिलिपिन्सचा प्रतिकार

एमिलिओ अगिनाल्दो यांनी १२ जून १८९८ रोजीच फिलिपिन्सचे स्वातंत्र्य घोषित केले होते. पॅरिसच्या वाटाघाटींत त्यांच्या प्रतिनिधीस स्थान मिळाले नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकी फौजा व फिलिपिनो सैन्य यांच्यात युद्ध भडकले. अमेरिकेचे ४,२०० हून अधिक आणि फिलिपिन्सचे सुमारे २० हजार सैनिक मारले गेले. हिंसाचार, उपासमार व रोगराई यांत बळी पडलेल्या नागरिकांची संख्या दोन लाखांपर्यंत असावी, असा अंदाज आहे.

अमेरिकेतही या धोरणास तीव्र विरोध झाला. लेखक मार्क ट्वेन आणि उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी हे साम्राज्यवादविरोधी संघात सहभागी होते. सिनेटमध्ये पॅरिस तहास ५७ विरुद्ध २७ मतांनी मान्यता मिळाली. आवश्यक दोन-तृतीयांश बहुमतापेक्षा हे केवळ एक मत अधिक होते.

पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आणलेल्या संत्र्यांवर जकात घेता येईल काय, असा साधा दिसणारा प्रश्न होता. १९०१ मध्ये न्यायालयाने जकात वैध ठरविली. नव्या प्रदेशांना राज्यघटना संपूर्णपणे लागू होत नाही, हे तत्त्व या आणि अशाच अन्य निकालांतून प्रस्थापित झाले.

कालवा आणि कर्ज

पनामाच्या संयोगभूमीवर कालवा खोदण्याचा करार कोलंबियाच्या सिनेटने १९०३ मध्ये फेटाळला. त्यानंतर ३ नोव्हेंबर रोजी पनामाने स्वातंत्र्य पुकारले. अमेरिकी युद्धनौकेच्या उपस्थितीमुळे कोलंबियास बंड मोडता आले नाही. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. अमेरिकी बांधकामाच्या काळात सुमारे ५,६०० कामगारांचा मृत्यू झाला. त्यांत कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कामगारांचे प्रमाण मोठे होते. कालवा ३१ डिसेंबर १९९९ रोजी पनामाच्या स्वाधीन करण्यात आला.

अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०४ मध्ये मन्रो सिद्धांताचा विस्तार करून शेजारी देशांत हस्तक्षेपाचा हक्क सांगितला. त्यानंतर निकाराग्वा, हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक येथे अमेरिकी सैनिक अनेक वर्षे तळ ठोकून होते. हैतीमधील ताबा १९१५ पासून १९३४ पर्यंत टिकला.

दोन महायुद्धे

अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी पहिल्या महायुद्धात उतरली. युद्धापूर्वी युरोपचा कर्जदार असलेला हा देश युद्धानंतर युरोपचा धनको बनला. जानेवारी १९१८ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मांडलेल्या चौदा मुद्द्यांनी पराधीन देशांत मोठी आशा निर्माण केली. लोकमान्य टिळकांनी १९१९ च्या प्रारंभी लंडनहून विल्सन यांना पत्र पाठवून भारताच्या स्वयंनिर्णयाच्या मागणीकडे लक्ष वेधले. पॅरिसच्या शांतता परिषदेने ती मागणी विचारात घेतली नाही. व्हर्सायचा तह खुद्द अमेरिकी सिनेटने नाकारल्याने अमेरिका राष्ट्रसंघातही सामील झाली नाही.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हवाईतील पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांच्या परिषदेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँकेचा पाया घातला आणि डॉलरला जागतिक अर्थव्यवहारात मध्यवर्ती स्थान मिळाले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख भारतीय प्रतिनिधी मंडळात होते. युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे साठलेल्या भारताच्या पौंडांच्या शिलकेचा प्रश्न मंडळाने उपस्थित केला. परंतु तो संबंधित देशांनी आपसांत सोडवावा, या भूमिकेमुळे परिषदेने बाजूला ठेवला.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आले. त्यानंतर १९४७ चे ट्रुमन धोरण, १९४८ ची मार्शल योजना आणि १९४९ मधील ‘नाटो’ची स्थापना यांमुळे शांततेच्या काळातही युरोपशी बांधून घेण्याचा मार्ग अमेरिकेने स्वीकारला.

साम्राज्याचा वारसा

फिलिपिन्सला ४ जुलै १९४६ रोजी स्वातंत्र्य मिळाले. तथापि १९४७ च्या कराराने तेथील लष्करी तळ अमेरिकेकडेच राहिले. सप्टेंबर १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला आणि पुढील वर्षी अमेरिकी नौदलाने सुबिक उपसागर सोडला. दक्षिण चीन समुद्रातील तणाव वाढत असताना २०१४ मध्ये झालेल्या नव्या करारान्वये अमेरिकी सैनिकांना तेथील निवडक तळ वापरण्याची मुभा पुन्हा देण्यात आली.

हवाईला १९५९ मध्ये घटकराज्याचा दर्जा मिळाला. प्वेर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ पासून अमेरिकी नागरिकत्व आहे आणि अमेरिकेच्या युद्धांत ते लढलेही आहेत. परंतु बेटावर राहणाऱ्या सुमारे ३२ लाख लोकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही आणि काँग्रेसमधील त्यांच्या एकमेव प्रतिनिधीस सभागृहातील अंतिम मतदानाचा अधिकार नाही. संत्र्यांच्या जकातीवरील १९०१ चा निकाल अद्याप रद्द झालेला नाही.