आधी उपचारकाचा हात

मराठीत 'मंत्रचळ' असा एक जुना शब्द आहे. मंत्र म्हणताना चूक झाली तर बुद्धी चळते, या समजुतीतून तो आला. पुढे पुन्हापुन्हा हात धुणाऱ्या, कडी लावली की नाही हे दहा वेळा पाहणाऱ्या माणसालाही तो चिकटला. बंगालीत अशाच स्वभावाला 'शुचिबाई' म्हणतात. कोलकात्याच्या मनोविकारतज्ज्ञ अजिता चक्रवर्ती यांनी एका सहलेखकासह १९७५ साली या शब्दामागचा विकार वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आजचे वैद्यक त्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ओसीडी म्हणते. विटाळाची, घाणीची, जंतूंची भीती हा त्याचा एक ठळक प्रकार.

आमच्या घरी एक आत्या होती. तिच्या हातांवर पाणी घालण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. तांब्याला तिने स्वतः हात लावला तर धुतलेला हात पुन्हा विटाळे. म्हणून पाणी दुसऱ्यानेच घालायचे. मोरीत तांब्यामागून तांब्या रिता होई. मध्येच ती विचारी, "झाले ना रे स्वच्छ?" आम्ही म्हणत असू, "हो आत्या, झाले." क्षणभर तिचा चेहरा निवळे आणि मग पुन्हा तोच प्रश्न येई. घरात तिच्या सोवळ्याचे कौतुकही होते. आमच्या त्या प्रेमळ 'हो'ने तिचा आजार पोसला, हे कळायला आम्हाला फार वर्षे लागली.

मग प्रश्न असा उरतो, की जिथे माया करणाऱ्यांचे हात आजाराच्या चाकरीला लागतात, तिथे कुणी काय करावे? आणि जे करायचे ते कुणाला शिकवता येते का? या आजाराच्या उपचाराचा इतिहास पुष्कळदा औषधांच्या आणि सिद्धांतांच्या अंगाने सांगितला जातो. मला तो उपचार करणाऱ्यांच्या शिक्षणाचा इतिहास वाटतो.

आजाराचे वर्णन जुनेच आहे. एस्किरोल या फ्रेंच वैद्याने १८३८ च्या आपल्या ग्रंथात एका तरुणीची हकिगत दिली आहे. दुसऱ्याची मौल्यवान वस्तू आपल्या हाताला, कपड्याला चिकटून तर येणार नाही ना, या भयाने ती हात घाशी, कपडे झटके. आपले भय निरर्थक आहे हे तिला कळत होते, परंतु त्या कळण्याचा तिला उपयोग नव्हता. पुढची शंभराहून अधिक वर्षे वैद्यकाची स्थितीही काहीशी तशीच राहिली. मनोविश्लेषणाने लक्षणांचे अर्थ लावले, पण अर्थ लागला म्हणून धुणे थांबत नव्हते. काही गंभीर रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रियाही झाल्या.

१९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि येथून चित्र पालटू लागले. त्यांचा विचार साधा होता. धुतले नाही तर अनर्थ होईल, अशी रुग्णाची अपेक्षा असते. तो दर वेळी धुतो, म्हणून ती अपेक्षा खोटी ठरण्याची वेळच येत नाही. तेव्हा ज्याची भीती वाटते त्याला स्पर्श करायचा आणि नंतर धुवायचे नाही. रुग्णाच्या खोलीतले नळ बंद केले गेले, साबण मोजून मिळू लागला आणि जागेपणी परिचारिका सतत सोबत राहू लागल्या. मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली १५ रुग्णांची माहिती दिली. त्यांपैकी १० जणांना खूप गुण आला होता, इतरांनाही थोडाफार फरक पडला होता.

या वृत्तान्तात ठळक नाव मेयर यांचे आहे, परंतु काम करणारे हात परिचारिकांचे होते. ताटकळत बसायचे, रडवेल्या माणसाची समजूत तर घालायची, पण त्याला नळाकडे जाऊ द्यायचे नाही, हे त्या करीत होत्या. त्यांना हे शिकवावे लागले, कारण त्यांचे आधीचे शिक्षण नेमके उलटे होते. रुग्णाची तगमग दिसली की ती दूर करायची, हाच शुश्रूषेचा धर्म.

त्याच शहरातील मॉड्सली हॉस्पिटलमध्ये रॅकमन, हॉजसन आणि मार्क्स या तिघांनी १९७१ साली १० रुग्णांवरील प्रयोग मांडला. त्यात एक महत्त्वाची भर होती. उपचारकाने रुग्णादेखत ती 'घाणेरडी' वस्तू आधी स्वतः हाताळायची, मग रुग्णाने. म्हणजे उपदेशाच्या आधी हात! पुढे १९७६ साली रॅकमन, श्रीलंकेत जन्मलेले पद्मल डिसिल्वा आणि रोपर यांनी आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. स्पर्शानंतर धुतले नाही, तरी धुण्याची ऊर्मी आपोआप ओसरते; पहिल्या तासातच ती बरीच उतरते आणि काही तासांत जवळजवळ नाहीशी होते. थांबायचे किती, याला आता आधार मिळाला.

आयझॅक मार्क्स यांनी १९७२ साली मॉड्सलीमध्ये परिचारक-परिचारिकांना वर्तनोपचाराचे स्वतंत्र शिक्षण देण्यास प्रारंभ केला. मनोविकारतज्ज्ञाच्या हाताखाली नव्हे, तर स्वतः उपचारक म्हणून त्यांनी रुग्ण घ्यावेत, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. भयगंड आणि मंत्रचळ असलेल्या रुग्णांवर त्यांनी मिळवलेले यश डॉक्टरांच्या आणि मानसशास्त्रज्ञांच्या तोडीचे ठरले. हे कसब पदवीत नसून सरावात आहे, हे यातून सिद्ध झाले.

अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये एडना फोआ यांनी १९७० च्या दशकापासून ही पद्धत रेखीव केली. रुग्ण आणि उपचारक मिळून भीतीची चढती यादी करतात, प्रत्येक गोष्टीला ० ते १०० गुण देतात. दाराच्या मुठीपासून सुरुवात होते आणि संडासाच्या फरशीपर्यंत जाता येते. त्यांच्या गटाने २००५ साली १२२ प्रौढ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत हा उपचार क्लोमिप्रामिन या औषधापेक्षा सरस ठरला.

या वाटचालीत एक नैतिक बदलही झाला. आरंभीच्या बंद नळांत सक्तीची छाया होती. आता नळ चालू असतो. न धुण्याचा निर्णय रुग्णाचा असतो. फसवून काही करायचे नाही, आणि आपण स्वतः करणार नाही ते त्याला सांगायचे नाही, हे शिकाऊ उपचारकाला बजावले जाते. "मी आजारी पडणार नाही ना?" असे रुग्णाने विचारले तर "नाही" म्हणायचे नाही. "सांगता येत नाही" हे खरे उत्तर देऊन शेजारी बसून राहायचे. शिकणाऱ्याला सर्वांत जड जाते ते हेच.

ते किती जड जाते याचाही अभ्यास झाला आहे. कसलेले उपचारकही सरावलेल्या पद्धतीपासून हळूहळू ढळतात, हे ग्लेन वॉलर यांनी २००९ साली दाखवून दिले. २०१३ साली ब्रेट डीकन आणि सहकाऱ्यांनी उपचारकांच्या मनातील शंका मोजण्याची प्रश्नावली तयार केली. हा उपचार रुग्णाला सोसवणार नाही, असे ज्यांना वाटते, ते तो मवाळ करून टाकतात. म्हणजे रुग्ण घाणीला टाळतो आणि उपचारक रुग्णाच्या तगमगीला. नॉर्वेतील बर्गेन शहरात गेर्ड क्वाले आणि ब्यार्ने हान्सेन यांनी ४ दिवसांचा जो उपचार घडवला, त्यात यावर एक उतारा आहे. तेथे रुग्णांचा लहान गट असतो आणि जितके रुग्ण तितके उपचारक. नवखा अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारी उभा राहून शिकतो. त्याचे ढळणे झाकून राहत नाही.

आपल्याकडे हा उपचार शिकणाऱ्याला आणखी एक विवेक लागतो. स्नान, सोवळे, शिवाशिव हे शब्द आपल्या जगण्यात इतके मुरलेले आहेत, की आचार कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो, हे पटकन उमगत नाही. आत्याचे दुखणे त्या कौतुकाआडच दडून राहिले. मात्र याची दुसरी बाजू विसरता कामा नये. अस्पृश्यता हा मंत्रचळ नव्हता. ती सत्तेने चालवलेला अन्याय होती. तिला आजार म्हणणे म्हणजे तिला माफी देणे होय. मंत्रचळात माणूस स्वतःला छळतो, आणि आपली भीती अवास्तव आहे हे त्याला बहुधा कळतही असते.

२०२० साली करोनाच्या साथीत साऱ्या जगाला हात धुण्याचा उपदेश झाला, तेव्हा या उपचाराचा पायाच हलतो की काय, असे वाटले. उपचारकांनी त्यातूनही वाट काढली. आरोग्यखात्याने सांगितले तितके, तेव्हाच आणि एकदाच धुवायचे. त्यापलीकडची प्रत्येक वेळ आजाराची.

आत्या आता नाही. तिचा प्रश्न मात्र अजून कानात आहे. आज तिने विचारले, "झाले ना रे स्वच्छ?" तर तांब्या खाली ठेवून "ठाऊक नाही, आत्या" एवढेच म्हणायला हवे आणि तेथून न उठता तिच्याजवळ बसून राहायला हवे. हे लिहायला सोपे आहे. तिचा चेहरा समोर असता तर मला ते जमले असते, असे म्हणवत नाही.