मुंबईची पद्मिनी टॅक्सी : वाहनाच्या दीर्घायुष्याचा विचार

मोटारीचे आयुष्य किती, या प्रश्नाचे उत्तर कारखान्यापेक्षा तिच्या वापराच्या इतिहासात शोधावे लागते. अमेरिकेतील अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेल्या व्होल्वो पी-१८०० या मोटारीने २०१३ मध्ये ३० लक्ष मैल पूर्ण केले. एका मालकाने अखंड राखलेल्या निगेचे ते फळ होय. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण याहून निराळे आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही मोटार तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिला 'प्रीमिअर पद्मिनी' हे नाव मिळाले. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन साधे असल्याने रस्त्याकडेचा मिस्त्रीही ते दुरुस्त करू शके. चालक, मिस्त्री व सुट्या भागांचे विक्रेते अशा अनेक हातांनी ही गाडी जगविली; उत्पादन थांबल्यावरही ती वीसेक वर्षे धावत राहिली.

तिचा शेवट मात्र नियमाने ठरविला. टॅक्सीची वयोमर्यादा २००८ साली २५ व २०१३ साली २० वर्षे झाली. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव येथे नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. शहराच्या हवेचा प्रश्न खरा होता, हे मान्यच करावे लागेल. तथापि गॉर्डन यांचे मैल नोंदले गेले; टॅक्सीचा मीटर प्रत्येक फेरीस शून्यावर येई. त्यामुळे तिला चालती ठेवणाऱ्यांचे श्रम इतिहासात अनुल्लेखित राहिले.