दोन वर्षांचे मास्तर, दोन आठवड्यांचे पाहुणे

१४ ऑक्टोबर १९६०, रात्रीचे दोन. अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक महिन्यावरसुद्धा राहिलेली नव्हती. प्रचाराने दमलेले जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठात मुक्कामाला पोचले, तर त्यांची वाट बघत हजारो विद्यार्थी ताटकळत उभे! मग स्टुडंट युनियनच्या पायऱ्यांवरूनच ते जेमतेम तीन मिनिटं बोलले. म्हणाले काय, तर तुमच्यातले किती होऊ घातलेले डॉक्टर घानात जाऊन काम करायला तयार आहेत? इंजिनिअर मंडळींनाही तसंच काहीसं विचारलं. (आम्हाला कोणी रात्री दोनला काही विचारलं तर ते बहुधा सर्व्हर का पडला एवढंच असतं. असो.) पोरांनी उत्तर म्हणून सह्यांची मोहीम काढली, आणि १ मार्च १९६१ला अध्यक्ष केनेडींनी 'पीस कोअर' स्थापन करणाऱ्या आदेशावर सही केली.

परदेशी जाऊन मुलांना शिकवायचं, सांभाळायचं ही कल्पना अर्थात केनेडींची नव्हे. मिशनरी हे काम शतकभर आधीपासून करत होते. धर्मप्रसाराशिवाय, सरळ तरुण स्वयंसेवक म्हणून पाठवायचा प्रयोगही इंग्लंडमध्ये ॲलेक आणि मोरा डिक्सन या जोडप्याने १९५८मध्येच सुरू केला होता. त्यांचे पहिले स्वयंसेवक तर नुकतीच शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुलं होती. पण पीस कोअरने हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आणि सरकारी शिस्तीत केला, आणि म्हणून त्याच्या पहिल्या तुकडीकडे जरा नीट बघण्यासारखं आहे.

ही तुकडी गेली घानाला. घाना १९५७मध्ये स्वतंत्र झाला होता, पण शिक्षणाची घाई त्याच्या आधीपासून होती. १९५१च्या योजनेने प्राथमिक शाळांची दारं उघडली, १९६१च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं केलं. आता गणित सोपं आहे. आज पहिलीत भसाभस मुलं आली की काही वर्षांनी तीच हायस्कूलच्या दारात उभी राहतात, आणि हायस्कूलचे मास्तर काही वर्षभरात तयार होत नाहीत. एन्क्रुमांच्या सरकारला ही मधली काही वर्षं भरून काढायची होती.

३० ऑगस्ट १९६१ला सुमारे ५० अमेरिकन शिक्षक आक्राच्या विमानतळावर उतरले आणि स्वागताला आलेल्यांसमोर त्यांनी चक्क त्वी भाषेत गाणं म्हटलं. आधी बर्कलीला त्यांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यात ही तयारीही होती. त्यानंतर दोन वर्षं हायस्कुलात शिकवायचं. शाळा घानाची, अभ्यासक्रम घानाचा, परीक्षाही तिथलीच. रिकामी जागा आधी होती, माणूस नंतर आला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळं गोडगोड होतं असं मुळीच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नायजेरियात इबादानला एका स्वयंसेविकेने घरी पोस्टकार्ड लिहिलं. तिथले लोक रस्त्यावर कसे राहतात, रस्त्यावरच स्वयंपाक कसा करतात वगैरे. कार्ड टपालपेटीत पडायच्या आधीच हरवलं आणि नेमकं तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती लागलं. मग काय, मोर्चे, निषेधसभा, 'परत जा'च्या मागण्या. देश स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झालेलं, लोक संतापणारच. त्या मुलीला मायदेशी परतावं लागलं. आपण ज्यांना 'मदत' करतोय त्यांनाही आपली पत्रं वाचता येतात, हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

आपल्याकडेही पीस कोअर १९६१ ते १९७६ होतं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे लिलियन कार्टर, पुढे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई. १९६६मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, या नर्सबाई विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत कामाला आल्या. राहिल्या किती, तर जवळजवळ दोन वर्षं! विक्रोळी स्टेशनवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कुणास ठाऊक.

या उत्साहावर पहिला जोरदार घाव घातला तो इव्हान इलिच यांनी. मूळचे व्हिएन्नाचे, कॅथलिक धर्मगुरू, मेक्सिकोत संस्था चालवणारे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोतल्या खेड्यांत सेवा करायला निघालेल्या विद्यार्थ्यांना १९६८मध्ये त्यांनी तोंडावर सांगितलं की तुमचे हेतू चांगले आहेत याने काही फरक पडत नाही. फिरायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. भाषण आजही झोंबतं. मला ते पूर्ण पटत नाही, कारण घानातल्या त्या वर्गांना खरंच शिक्षक हवे होते. पण इलिच ज्याला घाबरत होते ते पुढे खरंच घडलं, फक्त मेक्सिकोतल्या खेड्यांपुरतं राहिलं नाही.

नव्वदच्या दशकापासून 'गॅप इयर'चा धंदा फोफावला. आता निवड वगैरे नाही, स्वयंसेवकच पैसे भरतो. दोन वर्षांचे दोन आठवडे झाले. दोन आठवड्यांत गणित शिकवता येत नाही, भाषाही येत नाही. मग करता काय येतं? लहान मुलाला कडेवर घेता येतं, त्याच्याशी खेळता येतं, आणि हो, फोटो काढता येतो. म्हणून हा ओघ शाळेकडून अनाथाश्रमाकडे वळला.

कंबोडियाचं उदाहरण घ्या. १९७५ ते १९७९च्या ख्मेर रूज राजवटीनंतर तिथे खरोखरच हजारो पोरकी मुलं होती. पण ती पिढी २००५पर्यंत मोठी होऊन गेली होती. देशात शांतता होती, अंगकोरचे पर्यटक वाढत होते. अशा वेळी अनाथाश्रम कमी व्हायला हवेत ना? २००५ ते २०१० या पाच वर्षांत ते तब्बल ७५ टक्क्यांनी वाढून २६९ झाले. आत सुमारे १२,००० मुलं, आणि दर चारांतल्या जवळपास तिघांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक, जिवंत!

आमच्या भाषेत सांगायचं तर हा सरळसरळ फीडबॅक लूप आहे. पाहुणा येतो, पैसे देतो. पैसे मुलांच्या संख्येवर येतात, म्हणून मुलं आणली जातात. गरीब आई-बापांना सांगायचं की तुमच्या पोराला शिक्षण मिळेल, इंग्रजी येईल. नेपाळात १९९६ ते २००६च्या यादवीत हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी नेमकं हेच सांगून मुलं काठमांडूला आणली आणि कागदोपत्री अनाथ केली. इथे माणूस आधी निघाला, रिकामी जागा नंतर तयार झाली.

आणि मुलाचं काय होतं? आपल्याकडे 'लळा' हा फार नेमका शब्द आहे. मास्तर बदलले तर मुलांना वाईट वाटतं, पण दर जूनला नवे मास्तर येतात हे ती धरूनच चालतात. लळा लावणारं माणूस दर पंधरवड्याला बदललं तर? जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१मध्येच लिहून ठेवलं होतं की लहान मुलाला एका कायमच्या माणसाची गरज असते. बुखारेस्टमध्ये २०००पासून संस्थांमधल्या १३६ मुलांचा अभ्यास झाला. त्यातली जी पालक-कुटुंबांत गेली त्यांची वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली. अनोळखी पाहुण्याला धावत येऊन मिठी मारणारं मूल आपल्याला गोड वाटतं. या विषयातल्या लोकांना तीच काळजीची खूण वाटते.

कायदा उशिरा का होईना, जागा झाला. ऑस्ट्रेलियाने २०१८च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या वेळी अशी 'अनाथाश्रम तस्करी' हा गुलामगिरीचाच प्रकार मानला. २०१९च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेच्या धोक्यांवर बोट ठेवलं.

हा सगळा इतिहास उगाळायचं कारण म्हणजे आता आपणही या गिऱ्हाइकांत आहोत. आठवडाभर अंगकोर आणि आठवडाभर 'मुलांसोबत', अशी पॅकेजेस ऑफिसातल्या मेल्समध्ये फिरताना मी पाहिली आहेत. जाणारी मंडळी मनाने चांगलीच असतात, आणि म्हणूनच त्यांना अडवणं अवघड जातं. माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवलेत. मी गेलो नाही तरी ही जागा रिकामी असणार आहे का? ती भरायला तिथल्या लोकांनी मला बोलावलंय, की मधल्या एजन्सीने? आणि मी निघून आल्यावर रडणारं कोणी त्यात आहे का?

तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर जाऊ नये. रजा असेल तर अंगकोर जरूर बघा, तिथल्या हॉटेलांत राहा, जेवा. मदतच करायची असेल तर तेवढेच पैसे मुलांना त्यांच्या घरी ठेवून शाळेत पाठवणाऱ्या संस्थेला द्या. शिकवायची हौस दांडगी असेल तर तिथल्या शिक्षकांना शिकवा. ते त्याच शाळेत पुढची वीस वर्षं असतील.