पंगत, पाटी आणि अर्ज

इ. स. १८५६ च्या जून महिन्यात धारवाड येथील एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे एक अर्ज दाखल झाला. मागणी साधी होती. मुलगा इतर मुलांप्रमाणे फी द्यावयास तयार आहे, तरी सरकारी शाळेत त्याला प्रवेश मिळत नाही. तो मिळावा, एवढेच त्या अर्जाचे म्हणणे. त्या वेळी धारवाड मुंबई इलाख्यात मोडत असे आणि सरकारी शाळा हे नुकतेच रुजू लागलेले रोपटे होते. अर्जावर २१ जुलै १८५६ रोजी सरकारने ठराव केला. तो वाचताना दप्तरी भाषेच्या चातुर्याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. केवळ न्यायाच्या दृष्टीने पाहता मुलाची बाजू खरी आहे, हे सरकार त्यात मोकळेपणाने मान्य करते. आणि लगेच पुढे म्हणते की, युगानुयुगे चालत आलेल्या समजुतींना एका मुलाखातर धक्का दिला, तर शाळा ओस पडेल आणि बहुसंख्य लोकांस तिचा काही उपयोग राहणार नाही. सबब सरकारला हात घालता येत नाही. न्याय मान्य, अर्ज नामंजूर. सरकारी कामकाजाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना ही वाक्यरचना अपरिचित नाही.

परंतु हा कागद तेथेच थांबला नाही. तो कलकत्त्यास हिंदुस्थान सरकारपुढे गेला. १८५७ च्या जानेवारीत तेथून उत्तर आले की, असा मुलगा बंगालमधील कोणत्याही सरकारी शाळेतून परत पाठविला गेला नसता. शेवटी विलायतेत कंपनीच्या संचालक मंडळाने १८५८ साली स्पष्ट निर्णय दिला. सरकारी विद्यालये सर्व वर्गांसाठी आहेत, आणि काही पालक आपली मुले काढून घेतील या भीतीने तत्त्व सोडता येणार नाही, असा त्याचा आशय होता. एका मुलाच्या अर्जाने धारवाडपासून लंडनपर्यंतची दप्तरे हलविली, ही गोष्ट हिंदी शिक्षणाच्या इतिहासात लहान नव्हे.

त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात एका मुलीने आपले म्हणणे स्वतःच लिहून काढले होते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू केल्या. त्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या तेरा-चौदा वर्षांच्या मांग मुलीचा, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्राने दोन अंकांतून छापला. विद्यार्थ्याचा निबंध म्हणजे गुरुजींनी सांगितलेल्या चार सुभाषितांची ओवणी, ही समजूत शंभर वर्षांनंतरही आपल्या शाळांतून गेली नाही. या निबंधात तसे काही नाही. ज्यांचे धर्मग्रंथ आम्हांस पाहण्याचीही मनाई, त्यांचा धर्म आमचा कसा, असा सरळ प्रश्न ती मुलगी विचारते. आपल्या जातीच्या स्त्रिया उघड्यावर बाळंत होतात त्यांचे हाल सांगते. आणि महार-मांगांत परस्परांविषयी असलेल्या उच्चनीचतेवरही बोट ठेवते. लिहावयास शिकविले म्हणजे मुले काय लिहितील यावर शिक्षकाचा ताबा राहत नाही. फुले पतिपत्नींना तो नकोच होता, हे त्यांचे मोठेपण.

तथापि निबंध छापून आला आणि खलिता आला, म्हणून वर्गातली बैठक बदलली असे मात्र झाले नाही. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले, तेव्हा त्याला प्रवेश कायद्याने मिळाला. पण बसावयाचे इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर, आणि पाणी प्यावयाचे ते शाळेच्या शिपायाने वरून ओतले तरच. पटावर नाव असणे आणि वर्गात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कायदा पहिल्या गोष्टीपाशी पोहोचला होता.

दुसरी गोष्ट साधावयाची कशी, या प्रश्नाचे पहिले भव्य उत्तर कोल्हापुरास दिले गेले. खेड्यांतून येणाऱ्या मुलाची खरी अडचण फीपेक्षा राहण्याजेवण्याची असते, हे शाहू महाराजांनी अचूक हेरले. १८९६ साली त्यांनी सर्वांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. पण थोड्याच काळात ते एकाच वर्गाचे होऊन बसले. मग त्यांनी मार्ग बदलला. १९०१ साली मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैनांचे निघाले. मागोमाग मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर झाले. प्रत्येक जातीचे बोर्डिंग वेगळे का, असा आक्षेप तेव्हाही निघाला आणि अद्याप निघतो. त्याला उत्तर असे की, जातीच्या नावाने दाते मिळत, मुले येत आणि चुलीचा तंटा उद्भवत नसे. ज्याच्या घरात अक्षर नाही त्या मुलाला आधी शहरात आणणे हे काम निकडीचे होते, आणि ते झाले. महाराजांची दृष्टी मात्र तेवढ्यावर खिळलेली नव्हती. १९१९ साली त्यांनी आपल्या संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत घ्यावीत असा हुकूम काढला. शाळेच्या भिंती अशा रीतीने पडल्या, बोर्डिंगांच्या राहिल्या.

त्या भिंतींचा अनुभव घेतलेला एक विद्यार्थी कोल्हापुरात होता. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकत असे. अभ्यासात त्याचे लक्ष बेताचे, अंगात रग मोठी. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो गेला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात येऊ नये असे त्याला बजावण्यात आले, आणि त्याने ते साफ नाकारले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. परिणामी बोर्डिंग सुटले. मॅट्रिकची परीक्षाही पार न पडलेल्या या माणसाने पुढे शिकवण्या केल्या, विम्याचे काम केले, ओगले आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांचा माल गावोगाव विकला. या फिरतीत त्याने महाराष्ट्रातील खेडे जितके पाहिले तितके त्या काळच्या कोणा शिक्षणाधिकाऱ्याने पाहिले असेल असे वाटत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. शिक्षणाची गोडी लावणे, गरिबांच्या मुलांना मोफत शिकविणे या उद्दिष्टांबरोबर निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत परस्परप्रेम निर्माण करणे हेही एक उद्दिष्ट तेथे लिहून ठेवले गेले. उद्दिष्टे लिहिणे सोपे असते. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि ‘धनिणीच्या बागे’त जे वसतिगृह उभे राहिले, तेथे या कलमाची परीक्षा दररोज दोन वेळा होऊ लागली. चूल एक, पाण्याचा हंडा एक, पंगत एक. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशी नाना घरांतून आलेली मुले पाळीने दळीत, पाणी भरीत, स्वयंपाक करीत, झाडलोट करीत. बागेत आणि शेतात राबत. आज कोणी भाकऱ्या थापल्या याची चौकशी ज्याच्या घरी झाली असती, त्यालाही उद्या थापावयाच्या असत. जातिभेद वाईट आहे असे व्याख्यान येथे क्वचितच द्यावे लागले असेल. ज्वारीचे पीठ आणि चुलीचा धूर यांनीच ते काम केले.

या संसाराची खरी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. सोवळ्याओवळ्याच्या जैन घरात वाढलेली ही स्त्री साऱ्या जातींच्या पोरांची आई झाली. बोर्डिंगात धान्य सरले तेव्हा एकेक दागिना गेला, आणि अखेर गळ्यातील मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी मोडले गेले. १९३० साली त्या वारल्या. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा स्त्रियांच्या वाट्यास एखादा परिच्छेद येतो. येथेही त्याहून अधिक काही देता येत नाही, ही खंतच.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. जातवार वसतिगृहांच्या प्रवर्तकाचे नाव मिश्र वसतिगृहास मिळाले, यात विसंगती नाही. मुले शहरापर्यंत कोणी आणली याची ती कृतज्ञ नोंद होती. १९३२ च्या पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात आणखी एक वसतिगृह उघडले. त्याचे नाव युनियन बोर्डिंग. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि ‘कमवा व शिका’ हा पाठ तेथे रूढ झाला. १९५९ च्या मे महिन्यात भाऊराव निवर्तले तेव्हा संस्थेच्या शंभराहून अधिक माध्यमिक शाळा चालू होत्या.

मुलांनी एकत्र जेवावे आणि मुलांचे म्हणणे ऐकले जावे, या दोन गोष्टी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसतात. पण त्या नेहमी बरोबर येतातच असे नाही. शांतिनिकेतनचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९०१ साली रवींद्रनाथांनी स्थापिलेल्या त्या आश्रमात मुले आपले नायक स्वतः निवडीत आणि एखाद्याने आगळीक केल्यास त्याचा निवाडा मुलांचीच सभा करी. डब्ल्यू. डब्ल्यू. पियर्सन यांनी १९१६ च्या आपल्या पुस्तकात या बालन्यायालयाचे कौतुकाने वर्णन केले आहे. तेवढ्याच काळात तेथील भोजनगृहात ब्राह्मण मुलांची ओळ मात्र वेगळी बसे. १९१५ च्या मार्चमध्ये गांधीजी तेथे आले. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजे आपले काकासाहेब, त्या वेळी तेथेच होते. योगायोग असा की त्यांचाही जन्म साताऱ्याचा. स्वयंपाकी आणि नोकर यांना रजा देऊन मुलांनी व शिक्षकांनी सारे काम स्वतः करावे, अशी सूचना गांधीजींनी केली. गुरुदेवांनी संमती दिली ती शिक्षकांची मर्जी असेल तर, या अटीवर. १० मार्चला प्रयोग सुरू झाला, मुलांनी उत्साहाने कढया घासल्या, आणि काही काळाने तो थांबला. पुढे प्रतिवर्षी त्या दिवशी नोकरवर्गास सुट्टी देऊन ‘गांधी पुण्याह’ पाळण्यात येऊ लागला. एका दिवसाचा सण होणे ही पुष्कळ प्रयोगांची गती असते.

हा धागा सेवाग्रामात पुन्हा उचलला गेला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नव्या तालिमेचा आराखडा केला, आणि आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामची शाळा चालविली. तेथे मुलांची आमसभा भरे. स्वयंपाक, सफाई, आरोग्य अशा खात्यांचे मंत्री मुले निवडीत, आणि मंत्र्याने केलेल्या कामाचा अहवाल सभेपुढे ठेवावा लागे. भांडारातून किती धान्य आले, किती शिजले, किती वाया गेले याचा जाब एक मुलगा दुसऱ्यास विचारी. हल्ली पुष्कळ शाळांतून ‘बालसंसद’ भरते, तीत मुले पंतप्रधान आणि सभापती होतात आणि पाहुण्यांसमोर पाठ केलेली भाषणे करतात. ती हौस वाईट नाही. मात्र जिच्या हाती डाळीच्या डब्याची किल्ली नाही, ती संसद आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटक यांत फरक करणे कठीण पडते. साताऱ्याच्या बोर्डिंगात सभेचा थाट कमी होता. पण तेथून निघालेल्या मुलांच्या आवाजाविषयी शंका घेण्यास जागा नाही. त्यांपैकी एक, पी. जी. पाटील, बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि महात्मा फुल्यांचे ग्रंथ व कर्मवीरांचे चरित्र त्यांनी इंग्रजीतून जगापुढे ठेवले.

शाळेतील पंगतीचा इतिहास अर्थातच बोर्डिंगांबरोबर संपला नाही. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि जी पंगत पूर्वी काही शेकडा मुलांची होती ती देशभर कोट्यवधी मुलांची झाली. २००४ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने, स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना अग्रक्रम द्यावा, असेही सांगितले. आदेशाची भाषा या खेपेस निःसंदिग्ध होती. १८५६ च्या ठरावासारखे तिला दुसरे तोंड नव्हते. अडचण आली ती गावांतून. दलित बाईच्या हातचे अन्न आमची मुले घेणार नाहीत, असे म्हणणारे पालक निरनिराळ्या राज्यांत निघाले आणि कित्येक ठिकाणी अधिकाऱ्यांनी वाद नको म्हणून बाईच बदलली.

२०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथील सरकारी विद्यालयात हेच घडले. नव्याने नेमलेल्या दलित स्वयंपाकीण बाईंच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले; नेमणुकीत नियमभंग झाल्याचे कारण देऊन बाईंना दूर करण्यात आले. तेव्हा शाळेतील दलित मुलांनी, त्यांच्या जागी आलेल्या सवर्ण बाईंच्या हातचे अन्न घेणार नाही असे सांगितले आणि ती घरून डबे आणू लागली. त्यांनी अर्ज लिहिला नाही की निबंध लिहिला नाही. ताट तेवढे पुढे केले नाही. प्रकरण जिल्ह्यापर्यंत गेले, चौकशी झाली, आणि काढून टाकलेल्या बाईंना पुन्हा कामावर घेण्यात आले.