वळिवड्यातला नाताळ

आम्हा कोल्हापूरकरांना गांधीनगर म्हटलं की होलसेल कापड आठवतं. दिवाळीची खरेदी, लग्नाचा बस्ता, सगळं तिथंच. पण हे गांधीनगर वसण्याआधी, १९४३ ते १९४८ मध्ये, तिथे वळिवडे गावाजवळ चक्क एक पोलिश गाव होतं. जवळपास पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं पोलिश. शाळेत दहा वर्षं इतिहास शिकलो, पण हे कोणी सांगितलं नाही.

ही मंडळी इथे आली कशी, ते एका दमात सांगतो. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिननं पोलंड वाटून घेतलं. स्टालिनच्या वाट्याला पूर्वेचा भाग आला. १९४०-४१ मध्ये तिथली हजारो कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवली गेली. मग हिटलर रशियावरच उलटला, स्टालिनला दोस्तांची गरज पडली आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून कराची, आणि १९४३ च्या पावसाळ्यापासून वळिवडे. पुरुष सैन्यात गेले होते, नाहीतर मेले होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ही गोष्ट 'महाराजांनी आश्रय दिला' एवढ्यावर आटोपते. प्रत्यक्षात तेव्हा कोल्हापूरच्या गादीवरचे छत्रपती दोन वर्षांचे होते, कारभार रीजन्सी कौन्सिल बघत होतं. छावणीचा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करायचं, तोही ब्रिटिशांकडून कर्ज काढून. कोल्हापूरनं जागा दिली, यानं त्याची किंमत कमी होत नाही. पण इतिहास म्हटला की हिशोबही आला. असो.

तर १९४३ चा डिसेंबर. यातल्या बहुतेकांचा घराबाहेरचा हा चौथा नाताळ, पण उन्हाच्या देशातला पहिला. पोलिश लोकांत २५ पेक्षा २४ तारखेची रात्र मोठी. दिवसभर उपास, आणि आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवण. चांदणी शोधायचं काम मुलांचं. (आपल्या संकष्टीला चंद्र शोधायला मुलांना गच्चीवर पिटाळतात, अगदी तसंच.) टेबलक्लॉथखाली थोडं सुकं गवत पसरतात, कारण येशू गोठ्यात जन्मला. कोल्हापुरात गवताला काय तोटा! जेवणात मटण नाही, मासे आणि खसखशीचे गोड पदार्थ. आणि टेबलावर एक ताट जास्तीचं, रिकामं. अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी, किंवा जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी. वळिवड्यात प्रत्येक घरी असा कोणीतरी होताच.

इंजिनिअरचा किडा म्हणून टाइमझोनचा हिशोब केला. तेव्हाच्या पोलंडमधल्या ल्वूव शहरात डिसेंबरमध्ये तिथल्या घड्याळात साडेतीनच्या आसपास सूर्य मावळायचा. कोल्हापुरात सहानंतर. त्यातून युद्धामुळे १९४२ ते १९४५ भारतातली घड्याळं एक तास पुढे केलेली. म्हणजे वळिवड्यातल्या घड्याळात सूर्यास्त सातनंतर! पोरांना उपाशीपोटी तीन-साडेतीन तास जास्त थांबावं लागलं असणार.

माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्या रात्रीच्या जेमतेम चार आठवडे आधी, २८ नोव्हेंबरला, रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन तेहरानला भेटले. होय, तेच तेहरान, जिथून यातले कित्येकजण आले होते. चर्चिलनं टेबलावर तीन काड्या मांडल्या, आगपेटीतल्या, आणि पोलंड पश्चिमेकडे कसं सरकवता येईल ते दाखवलं. पूर्वेचा भाग रशियाला राहील, हे तिथे तत्त्वतः ठरलं. आणि गुप्त ठेवलं गेलं, कारण १९४४ मध्ये अमेरिकेत निवडणूक होती आणि तिथल्या पोलिश मतदारांना दुखावून रूझवेल्टना चालणार नव्हतं. लंडनमधल्या पोलिश पंतप्रधानांना हे ऑक्टोबर १९४४ मध्ये कळलं, मॉस्कोत, मोलोतोव्हच्या तोंडून!

म्हणजे वळिवड्यात पोरं चांदणी शोधत होती, आया पुढचा नाताळ घरी करायच्या गोष्टी करत असतील, आणि ते घर आधीच टेबलावरून सरकवून झालं होतं.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टात त्यावर जाहीर शिक्का बसला. जुलैमध्ये ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. मग परत जायचं तरी कुठे? गाव रशियात गेलेलं. थोडे नव्या पोलंडला गेले, बरेचसे इंग्लंडला, काही ऑस्ट्रेलियाला. काहीजण कोल्हापूरच्याच दफनभूमीत राहिले. २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकापुढे फुलं वाहायला गेले, तेव्हा ऑफिसातल्या पुणेकर मित्रानं विचारलं, "तुमचं कोल्हापूर तिकडे काय करतंय?" त्याला लंचमध्ये हे सगळं ऐकवलं.

१९४८ मध्ये छावणी रिकामी झाली आणि तिथे सिंधी कुटुंबं राहायला आली. त्यांचीही घरं नकाशावरच्या एका नव्या रेषेपलीकडे राहिली होती. गांधीनगर हे नाव तेव्हापासूनचं. कापडाचा धंदा त्यांनीच उभा केला.