मामाची बाटली आणि कोलरचा बेडूक

आमच्या मामाचं भोसरीला छोटंसं वर्कशॉप आहे. मागच्या महिन्यात ग्राइंडर मारताना त्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला. (गॉगल होता की. कपाळावर.) डॉक्टरांनी एक थेंब टाकला आणि घट्ट मिटलेला डोळा अर्ध्या मिनिटात आपसूक उघडला. सुईच्या टोकाने कण काढला तरी त्याला काही कळलं नाही. मामा एकदम खूश! "ही बाटली मला लिहून द्या, वर्कशॉपात ठेवतो," म्हणाला. डॉक्टरांनी साफ नकार दिला. रात्री भूल उतरली, डोळा ठणकायला लागला आणि मामाने डॉक्टरांचा उद्धार करत रात्र काढली.

त्याची बाजू मलाही पटत होती, खोटं कशाला बोलू? थेंब होता तर द्यायला काय झालं? म्हणून त्या थेंबाची गोष्ट वाचत बसलो आणि थेट 1884 सालच्या व्हिएन्नात पोचलो.

ईथर आणि क्लोरोफॉर्म तेव्हा येऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती, पण डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांची अडचणच जास्त. रोग्याला गाढ झोपवलं की 'इकडे बघा, तिकडे बघा' सांगता येत नाही. शुद्धीवर येताना तो ओकणार, खोकणार. मोतीबिंदूच्या जखमेला तेव्हा सहसा टाकेही घालत नसत, त्यामुळे एका जोराच्या उमाळ्यासरशी डोळ्याच्या आतलं बाहेर यायची भीती. म्हणून पुष्कळांना जागेपणीच, चार माणसांनी दाबून धरलेलं असताना कापून घ्यावं लागे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात कार्ल कोलर नावाचा 26 वर्षांचा डॉक्टर यावर धडपडत होता. मॉर्फिन वगैरे डोळ्यात घालून झालं, उपयोग शून्य. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड (हो, तोच) त्या वेळी कोकेनच्या मागे लागला होता. कोकेन जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते हे घेणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. पण जीभ बधिर होते तर डोळाही होईल, हे कोलरच्या डोक्यात आलं. फ्रॉइड तेव्हा वाग्दत्त वधूला भेटायला दूर गेला होता. पुढे 1925 साली आत्मकथनात त्याने आपली कीर्ती हुकल्याचं खापर गमतीने तिच्यावरच फोडलं. बिचारी!

कोलरने प्रयोगशाळेत बेडकाच्या डोळ्यात कोकेनचं पाणी टाकलं. थोड्या वेळाने बेडूक बुबुळाला खुशाल हात लावू देईना का! मग ससा, कुत्रा आणि शेवटी कोलर आणि त्याचा सहकारी गेर्टनर स्वतःच. आरशासमोर उभं राहून टाचणीचं डोकं स्वतःच्या बुबुळाला लावायचं... वाचतानाच माझे डोळे मिटले. हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेला जायला कोलरकडे पैसे नव्हते. 15 सप्टेंबर 1884 ला त्याचा निबंध ब्रेटाउअर नावाच्या दुसऱ्याच डॉक्टरने वाचला. काही आठवड्यांत तो शोध अमेरिकेपर्यंत पोचला.

मामाच्या उपयोगाचा भाग पुढे आहे. कोकेनने बुबुळाचा पृष्ठभाग कोरडा, गढूळ होतो हे लवकरच दिसू लागलं. व्यसनाचा प्रश्न होताच. म्हणून विसाव्या शतकात टेट्राकेन, प्रोपॅराकेन अशी नवी औषधं आली. व्यसनाची भानगड गेली, पण मूळ खोड राहिली. बुबुळावर ओरखडा गेला की आजूबाजूच्या पेशी सरकत येऊन तो झाकतात. एक-दोन दिवसांचं काम. हे थेंब पुन्हा पुन्हा घातले की त्या पेशींचं सरकणंच मंदावतं. पापणी कमी लवते, पाणी कमी येतं, माणूस बिनधास्त डोळा चोळतो. भूल उतरली की दुखणं वाढलेलं, मग आणखी थेंब. असं काही दिवस चाललं तर बुबुळावर व्रण पडतो, ते पांढरं होतं, प्रसंगी भोकही पडतं. दवाखान्यात एक-दोन थेंब टाकून दाब मोजला, कण काढला, ठीक. पंधरा-वीस मिनिटांत भूल उतरते, तोवर डोळा चोळायचा नाही एवढंच पथ्य. घरी न्यायची ती अँटिबायोटिकची बाटली, आणि दुखण्यावर गोळी.

हे सगळं सांगायला मामाकडे गेलो. डोळा तिसऱ्याच दिवशी बरा झाला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, शेजारच्या वेल्डरने दिलेली एक बाटली ड्रॉवरमध्ये आहे. तो रोज रात्री घालतो."

मी बघतच राहिलो. मामा उठला, बाटली काढून मोरीत ओतली आणि चपला घालून शेजारच्या गाळ्यात गेला. अर्ध्या तासाने परत आला. "सकाळी त्याला घेऊन जातोय डॉक्टरांकडे," म्हणाला. "त्याच डॉक्टरांकडे."

मग चहा पिताना बऱ्याच वेळाने विचारलं, "आणि त्या बेडकाचं पुढे काय झालं रे?"